दवाखान्याची जागा



वसंत व्याख्यानमालेत बोलावयाचे तर विषय मोठा हवा, अशी एक समजूत आहे. या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांवर थोर मंडळी बोलून गेली. माझा विषय दहा-पंधरा गुंठ्यांचा आहे. गावात आरोग्य उपकेंद्र मंजूर होते, आणि मग प्रश्न निघतो की जागा कोठली? या एका प्रश्नाविषयी मी आज बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. १९७४ साली मी तलाठी म्हणून चाकरीस लागलो आणि याच जिल्ह्यात गावोगावची दप्तरे सांभाळून निवृत्त झालो. आता त्या हुद्द्याला ग्राम महसूल अधिकारी असे भारदस्त नाव मिळाले आहे. आमच्या वेळी लोक नुसते 'भाऊसाहेब' म्हणत, आणि त्या हाकेत आदर किती व भीती किती हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

सोलापूर हे डॉ. द्वारकानाथ कोटणिसांचे गाव. १९१० साली ते येथे जन्मले आणि १९४२ साली चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता गेले. त्यांचे स्मरण आपण अभिमानाने करतो. परंतु आपल्या जिल्ह्याच्या अकरा तालुक्यांतील एखाद्या वाडीवर रात्री साप चावला, बाळंतीण अडली, तर त्या घराला कोटणीस आठवून भागत नाही. त्याला जवळचा दवाखाना लागतो. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि त्या योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे खेड्यांत आली. पुढे सपाटीच्या मुलखात तीस हजार लोकवस्तीला एक प्राथमिक केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र, असे प्रमाण ठरले. कागदावर प्रमाण ठरले, पैसा मंजूर झाला, तरी इमारत काही हवेत उभी राहत नाही. तिला भुई लागते. ती भुई कोणाची?

जुन्या लोकांना हे सांगावयास नको की गावाचे दोन भाग असत. वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. या दोहोंच्या मध्ये व भोवती जे उरे ते सगळ्यांचे. गुरे चरावयाचे गायरान, खळ्याची जागा, बाजाराची जागा, स्मशान, धनगराने मेंढरे बसवावयाचा माळ. याला कोणी खरेदीखत मागत नव्हते. बापजाद्यांपासून वहिवाट चालत आली, हाच दाखला. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५ च्या सुमारास आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातून नवी मोजणी सुरू केली, तीच पद्धत पुढे सर्वत्र पसरली. प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला आणि ज्याला खातेदार नाही तो नंबर सरकारचा ठरला. आजच्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही तत्त्व तेच आहे. मात्र त्याच संहितेच्या बाविसाव्या कलमाने गायरान, खळे, स्मशान, गावठाण अशा कामांसाठी जमीन राखून ठेवता येते, आणि एकदा राखली म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून ती दुसऱ्या कामी वापरता येत नाही. म्हणजे मालकी सरकारची, वापर गावाचा.

विदर्भातल्या गावांना या बाबतीत एक सोय आहे. तेथे निस्तारपत्रक असते. सरपण कोठून आणावे, गुरे कोठे चारावी, माती कोठून घ्यावी, हे त्यात लिहिलेले असते. संहितेतली ही तरतूद विदर्भापुरतीच आहे. आपल्याकडे गावाची वहिवाट ही म्हाताऱ्यांच्या स्मरणात आणि गुरांच्या पायवाटेत. जे स्मरणात असते ते तलाठ्याने न लिहिले तर नाहीसे होते. हे मी दुसऱ्या कोणाला बोल लावण्यासाठी सांगत नाही. असे नाहीसे करणारा एक तलाठी आपणांसमोर उभा आहे.

गावाचे नाव सांगत नाही. १९८३ ची गोष्ट. गावाला उपकेंद्र मंजूर झाले. पुढारी मंडळींनी चावडीत बसून जागा ठरवली. गावाच्या मालकीच्या मळ्याखळ्यातली गुंठाभर जागा कोणी सोडीना, म्हणून गायरानाचा रस्त्याकडचा कोपरा नक्की झाला. मला विचारले, "भाऊसाहेब, तिथं काय अडचण नाही ना?" मी दप्तर उघडले. पीकपाहणीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'पड'. मी म्हणालो, काही अडचण नाही.

ती जमीन पड नव्हती. दलित वस्तीतली एक विधवा बाई त्या कोपऱ्यात सात-आठ वर्षे बाजरी आणि थोडी मटकी करीत होती. मी ते दरसाल पाहत होतो. पण सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते. गायरानात कोणी कसत असेल तर त्याची नोंद गाव नमुना १-इ मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, घ्यावयास हवी होती. ती घेतली तर पंचनामा, नोटीस, दंड, आणि बाईच्या डोळ्यांतले पाणी, हे सगळे मागे लागणार. न लिहिणे हा मला उपकार वाटला. 'पड' लिहिले आणि मोकळा झालो.

पावसाच्या तोंडावर पाया खणला. बाजरीचे फूटभर आलेले रान मुरमाच्या ढिगाखाली गेले. बाई चावडीवर आली. ओरडली नाही. मला एवढेच म्हणाली, "भाऊसाब, तुमी म्हनला तितं काय न्हवतं. मग इतकी सालं माजी पोरं काय खात हुती?" मला त्या दिवशी उत्तर सुचले नाही आणि आजही सुचलेले नाही.

इमारत झाली. उद्‌घाटन झाले. नर्सबाई राहावयास आल्या. पण त्या वस्तीतली एकही बाई उपकेंद्राची पायरी चढेना. लसीकरणाच्या दिवशी दारे बंद. नर्सबाईंना वाटले, अडाणी माणसे आहेत, सुईला भितात. त्यांनी मला विचारले तेव्हा मी त्यांना खरे कारण सांगितले. पुढे आणखी एक गोष्ट घडली. २८ नोव्हेंबर १९९१ रोजी सरकारने निर्णय काढला की १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या मुदतीत अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली अतिक्रमणे नियमित करावी. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली भूमिहीनांनी जे सत्याग्रह केले, तुरुंग भरले, त्या मागणीचे हे उशिरा आलेले फळ होते. ती बाई माझ्याकडे आली. तिच्याजवळ त्या मुदतीतला एकही कागद नव्हता. असता तर तो माझ्या दप्तरात असता. माझ्या दप्तरात 'पड' होते.

बंधुभगिनींनो, आपल्या जिल्ह्यात 'पड' या शब्दाने फार घोटाळे केले आहेत. नान्नजच्या माळाचे उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे तो माळ म्हणजे कुचकामी जमीन, असे सगळे मानत. त्याच गवतात माळढोक होता, काळवीट होते, लांडगा होता, आणि मेंढपाळाचे पोटही होते. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले, तेव्हा दुसऱ्या टोकाची चूक झाली. आठ हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र त्यात घातले गेले, त्यात लोकांची शेते आणि गावेही आली. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. एकदा माळ रिकामा समजलो, एकदा माळावरची माणसे रिकामी समजलो. दोन्ही वेळा चूक एकच झाली. नकाशा कचेरीत पाहिला, जमिनीवर जाऊन पाहिली नाही. आपल्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

मग कोणी म्हणेल, इतका विचार करीत बसलो तर दवाखाना व्हावयाचाच नाही. हा आक्षेप मी हलका मानीत नाही. माणूस मरत असताना वहिवाटीचा काथ्याकूट करणे हे पाप आहे. म्हणून ज्यांनी हे काम प्रत्यक्ष करून दाखवले त्यांच्याकडे पाहू.

आपल्या करमाळा-बार्शीला लागून असलेल्या मुलखातले जामखेड. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य तेथे आले. त्यांनी आधी इमारत बांधून मग रोगी बोलावले नाहीत. आधी गावकऱ्यांशी बोलणी केली, गावाने बोलावल्यावर गेले, आणि गावाने दिलेल्या जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू केले. जेथे गुरांना औषध मिळे तेथे माणसांना मिळू लागले. पुढे दुष्काळात पाण्यासाठी कूपनलिका घ्यावयाची वेळ आली, तेव्हा त्यांतल्या कित्येक दलित वस्तीत घेतल्या गेल्या. परिणाम असा झाला की पाण्यासाठी साऱ्या गावाला त्या वस्तीत जावे लागले. पिढ्यान्‌पिढ्या जी पावले त्या बाजूला वळली नव्हती ती घागरीच्या निमित्ताने वळली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो सर्वस्वी योग्यच होता. पण मला, जमिनीच्या माणसाला, त्यांच्या कामातला हा भाग अधिक मोलाचा वाटतो. जागा कोठे, यावर ती कोणाची हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते.

आता गडचिरोलीकडे वळू, कारण वनातल्या गावांसाठी कायद्याने जे मान्य केले ते आपल्या सपाटीवर अजून अंगवळणी पडलेले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशी तरतूद आहे की शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा ठरावीक सोयींसाठी वनजमीन देता येईल. मात्र प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी पंच्याहत्तरांहून अधिक झाडे तुटणार नाहीत अशा बेताने, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. हे शेवटचे कलम लक्षात ठेवा. ग्रामसभेची शिफारस असेल तरच. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंड वस्तीचे गाव फार पूर्वीपासून आपले निर्णय सर्वांच्या संमतीने घेत आले. त्या गावाला २००९ साली अठराशे हेक्टरांवर वनाचा सामूहिक हक्क मिळाला. त्याच जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्रामचे रुग्णालय उभारण्यापूर्वी आदिवासींना विचारले की तुम्हांला दवाखाना कसा हवा? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीत जीव घाबरतो. मग घोटुलाच्या धर्तीवर, झोपड्या-झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले गेले. तेव्हा विचारल्याने दवाखाना अडत नाही. लोक यावयाला लागतात.

सर्वोच्च न्यायालयानेही २८ जानेवारी २०११ रोजी एक महत्त्वाचा निकाल दिला. पंजाबात पतियाळा जिल्ह्यातल्या रोहर जागीर या गावच्या तळ्यावर काही लोकांनी अतिक्रमण केले होते, त्या खटल्यातला हा निकाल. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांनी साऱ्या राज्यांना सांगितले की गावाची सामाईक जमीन अतिक्रमणातून सोडवून गावाला परत करा. अपवाद थोडेच ठेवले. भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना सरकारने रीतसर पट्ट्याने दिलेली जमीन हा एक, आणि जेथे आधीच शाळा, दवाखाना किंवा अशी लोकोपयोगी वास्तू उभी आहे ती जागा हा दुसरा. त्यानंतर आपल्या राज्यानेही गायरान दुसऱ्या कामी देण्यावर कडक बंधने घातली. दुसरी योग्य सरकारी जमीन नसेल तरच सार्वजनिक कामासाठी गायरान मिळावे, असा आता रोख आहे.

न्यायालयाने अपवादात कोणाकोणाला ठेवले ते पाहा. एका बाजूला दवाखाना, दुसऱ्या बाजूला भूमिहीन. माझ्या त्या गावात मी या दोघांनाच एकमेकांसमोर उभे केले होते, आणि एकाचे नाव लिहिले, दुसऱ्याचे लिहिले नाही.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. येथे गावांचे सरपंच, सदस्य बसले आहेत, त्यांच्या उपयोगाच्या म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट शिवारफेरीची. जागा ठरवण्यापूर्वी चार माणसांनी ती चालून पाहावी, आणि एकदाच पाहू नये. पावसाळ्यात तेथे कोणी पेरतो, सुगीनंतर तेथे मेंढरे बसतात, उन्हाळ्यात तेथून पाण्याची वाट जाते. एका भेटीत जमीन आपली सगळी हकिकत सांगत नाही. आता ई-पीक पाहणीत खातेदार आपले पीक आपणच मोबाइलवरून नोंदवतो. सोय चांगली आहे, पण ज्याचे सातबाऱ्यावर नावच नाही त्याने काय नोंदवावे? तेथे डोळेच वापरावे लागतात.

दुसरी गोष्ट, जागा कोठली निवडावी याची. गाव पुष्कळदा दवाखान्याला तीच जागा देतो जी कोणाला नको असते. स्मशानालगतची, ओढ्याकाठची, वस्तीपासून मैलभर दूरची. मग त्या इमारतीत नर्सबाईंनी एकटीने राहावे आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री तेथे न्यावे, ही अपेक्षा! ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असे ग्रामपंचायतीच्या कायद्यात आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती होते. जागेचा ठराव त्या सभेत खरोखर मांडा. रात्री या जागी तुम्ही याल का, एवढे विचारा. जागेचा निकाल त्या उत्तराने लागेल.

तिसरी गोष्ट दानाची. कोणी उदार गृहस्थ म्हणतो, माझी पाच गुंठे घ्या, वडिलांचे नाव द्या. आनंद आहे. पण दान घेण्यापूर्वी ती जमीन कोणत्या सत्तेची ते पाहा. भोगवटादार वर्ग दोनची जमीन मंजुरीवाचून देता येत नाही. देवस्थान इनामाची जमीन पुजाऱ्याच्या कब्जात असली तरी पुजाऱ्याची नसते. आणि वतनाची जमीन! महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले होते. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. त्याने जमिनी वतनदारांना नव्या शर्तीने परत मिळाल्या, म्हणजे मंजुरीवाचून विकता येऊ नयेत अशा रीतीने. ही शर्त गरिबाच्या रक्षणासाठी आहे. गावकीच्या दडपणाखाली अशा जमिनीचे 'दान' लिहून घेणे हे पूर्वीच्या वेठबिगारीचेच नवे रूप होय.

चौथी गोष्ट कागदाची. मुद्रांकावर चार ओळी लिहून नोटरी केली म्हणजे जमीन दवाखान्याची होत नाही. बक्षिसपत्र नोंदवावे लागते. सरकारी जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्याचा आदेश लागतो, मोजणी लागते, हद्दीच्या खुणा लागतात, फेरफार लागतो, आणि सातबाऱ्यावर आरोग्य विभागाचे नाव यावे लागते. हे न करता बांधलेल्या इमारती मी पाहिल्या आहेत. पुढे वारस उभा राहतो, किंवा दुरुस्तीचा पैसा येतो आणि मालकीचा दाखला नाही म्हणून परत जातो. वीस वर्षे लोकांनी वापरलेला दवाखाना कागदावर अस्तित्वातच नसतो. ज्याप्रमाणे ती बाई नव्हती.

पाचवी आणि अखेरची गोष्ट. ज्याची वहिवाट मोडते त्याची सोय आधी करा, पाया मागाहून खणा. चराईसाठी दुसरा तुकडा, पाण्याची दुसरी वाट, पीक उभे असेल तर सुगीपर्यंत थांबणे. गावाने मनावर घेतले तर यातले काहीही अवघड नाही. गाव करील ते राव काय करील, ही म्हण आपण निवडणुकीच्या भाषणात ऐकतो. ती खरी ठरवावयाची जागा ही आहे. संमतीसाठी चार महिने अधिक लागले तर लागू द्या. मी ज्या गावाची हकिकत सांगितली तेथे घाईने चार महिने वाचले आणि एका वस्तीची पंचवीस वर्षे गेली.

पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. त्या नर्सबाईंनी, खरे कारण कळल्यावर, त्या वस्तीला इमारतीकडे बोलावणे सोडून दिले. दर बुधवारी त्या स्वतः वस्तीतल्या लिंबाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसू लागल्या. पहिले दोन महिने कोणी आले नाही. तिसऱ्या महिन्यात ताप आलेले एक पोर आले. पुढे हळूहळू सगळी वस्ती येऊ लागली. सरकारच्या दप्तरी उपकेंद्र गायरानाच्या कोपऱ्यात आहे. त्या वस्तीच्या लेखी ते लिंबाखाली होते. नर्सबाई बदलून गेल्या, दुसऱ्या आल्या, तरी बुधवार मोडला नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मी त्या गावी मुद्दाम गेलो. बाई फार थकली होती. मी तिला म्हणालो, बाई, ती चूक माझी होती. तिने मला बसावयास पाट दिला, चहा ठेवला, आणि म्हणाली, "आता लिवून ठिवा भाऊसाब. फुडच्याला कळंल." मी नोकरीत असताना ते लिहू शकलो नाही, कारण त्या नोंदीला रकाना नव्हता. आज या व्यासपीठावर बोललो, आणि हे व्याख्यान छापून निघणार आहे असे मंडळाने सांगितले म्हणून मान्य केले. त्या रकान्यात मी लिहिलेला 'पड' हा शब्द मी आज, आपणां सर्वांच्या समक्ष, खोडतो आणि तेथे 'बाजरी' असे लिहितो.